मुंजीच्या डिस्कची साफ नक्कल

डिस्क मी पालथी घातली होती. एकदा नव्हे, चांगले दोन दिवस. मुलाच्या मुंजीची डिस्क ती. एका अंगावर त्याचा लंगोटी नेसलेला, दंड धरलेला फोटो छापलेला आणि दुसरं अंग आरशासारखं. यंत्राचा डोळा वरून वाचत असणार, अशी माझी समजूत. म्हणून फोटो खाली आणि आरसा वर. ड्राइव्ह जरा घरघरायचा, गप्प व्हायचा, पुन्हा घरघरायचा. शेवटी मी चष्मा काढून डोळे चोळले आणि घराण्याच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "मुंजीची डिस्क गेली."

ग्वाल्हेर, इंदूर, पुणे, सगळीकडून जोडलेले हात आले. एका चुलत काकांना फक्त 'गेली' एवढंच दिसलं असावं. त्यांनी विचारलं, कोण, केव्हा, आणि कशानं? त्यांच्या मुलानं ताबडतोब शांतीचा मंत्र टाकला.

तिसऱ्या दिवशी बायको टेबल पुसायला आली, तिनं ड्राइव्हचा खण उघडून पाहिला आणि डिस्क उलथली. जाताना एवढंच म्हणाली, "फोटो वर असतो." डिस्क चालली. ग्रुपवर मात्र मी काही कळवलं नाही. सुतक एकदा धरलं की ते मागे घेता येत नाही.

हे सगळे उपद्व्याप भाचीसाठी चालले होते. माझ्या धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. बहीण गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. सागर शहरात, वडिलांच्या घरी, आजीकडे, आत्याकडे वाढली, शिकली, आता नोएडाला नोकरी करते. आमची मराठी तिला कळते सगळी, पण बोलायला गेली की दोन शब्दांनंतर हिंदीचा जिना उतरते. झाशीतले आम्हीच काय मोठी शुद्ध बोलतो. आठ पिढ्यांपूर्वी आमचे पूर्वज इथे आले, आणि पुण्याचे पाहुणे आजही आमचं बोलणं ऐकून एकमेकांकडे बघतात. पण निदान आम्ही वाक्य सुरू केलं त्याच भाषेत संपवायचा प्रयत्न तरी करतो.

तिचा एका रविवारी सकाळी फोन आला. ख्यालीखुशाली झाली. मग जरा थांबून म्हणाली, "मामा, आईचे फोटो खूप आहेत माझ्याकडे. आवाज नाहीये. कुठेच नाही. तुमच्याकडे काही आहे का? कसंही चलेगा."

तिनं कसं कसं शोधलं ते ती सांगत होती. वडिलांकडे काही नव्हतं. त्या काळी फोनवर असं काही साठवता येत नव्हतं. आईच्या लग्नाची कॅसेट सागरच्या ओलीत बुरशी लागून गेली होती. आईच्या मैत्रिणींना विचारून झालं होतं. सगळे म्हणत, तुझा आवाज अगदी तिच्यासारखा. "पण मला तो कसा कळणार?" ती म्हणाली. "मी तर आतून ऐकते."

मी ताठ बसलो. घरात अशा वेळी ज्याच्याकडे वस्तू सापडते त्याला फार महत्त्व येतं, आणि मला ते क्वचित मिळतं. म्हणालो, अगं आहे की, तुझ्या दादाच्या मुंजीत आहे. पंगतीत उखाणा घेतलाय तुझ्या आईनं, तू कडेवर होतीस. मी साफ करून ठेवतो. तू ये, ऐकवतो.

मग ती म्हणाली, "पक्का?"

"पक्का," मी म्हणालो.

आता ती डिस्क. वीस वर्षं ती कपाटात, पत्रिकांच्या ढिगाखाली, प्लास्टिकच्या पाकिटात पडून होती. सरळ घातल्यावर सुरुवातीचा भाग चालला. गणपतीच्या देवळाचा सभामंडप, हॅलोजनचा पिवळा धूर, त्यात पिवळेच भटजी, पिवळाच मुलगा, आणि मी स्वतः, तेव्हा केस असलेला, उगाच कॅमेऱ्यासमोरून तीनदा गेलेलो. मातृभोजनापर्यंत ठीक. पंगत बसायला लागली आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले, कुणीतरी फरशा उखडून टाकाव्यात तसे. मग उडी मारून एकदम निरोपाच्या वेळेवर. नेमका तोच भाग गायब.

मी घरगुती उपाय केला. आमच्याकडे देवाची तांब्याची भांडी दर चतुर्थीला चिंच-मिठानं गोल गोल घासतात. चिंच लावण्याइतका मी पुढे गेलो नाही, पण दंतमंजन पाण्यात कालवून, मऊ फडक्यानं, त्याच श्रद्धेनं, डिस्क गोल गोल घासली. पूर्वी जिथे पाच मिनिटं उडत होती तिथे आता सात मिनिटं उडायला लागली.

तोवर भाचीला काहीतरी दाखवावं म्हणून मी दुसरा पराक्रम केला. सुरुवातीच्या भागात बहीण दोनतीनदा दिसते, लांबून, धुरकट. त्यातलं एक चित्र धरून मी फोनवरच्या एका ॲपमध्ये घातलं. जुने फोटो नवे करतं म्हणतात ते. दहा सेकंदांत बहीण लखलखीत झाली. गालावर एक डाग नाही, भुवया कोरलेल्या, दात मोत्यासारखे. तो फोटो मी मोठ्या अभिमानानं पाठवला.

भाचीचं उत्तर आलं, "मामा, ही कोण?"

मी पुन्हा पाहिलं. बहिणीचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, लहानपणी आम्ही तिला त्यावरून छळायचो. यात सगळे दात ओळीत बसले होते. धुरातून जेवढं दिसत होतं तेवढं यंत्रानं घेतलं होतं, आणि जे दिसत नव्हतं तिथे जगातल्या कुठल्या तरी बायकांचा चेहरा भरला होता. मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, असं कुणाला पाठवू नका, आपण तिला सून म्हणून बघायला गेलो होतो असं वाटतंय.

मग मात्र मी मुकाट्यानं सदर बाजारात गेलो. तिथे एका गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. छावणीतल्या बदली होऊन जाणाऱ्या फौजी कुटुंबांच्या लग्नाच्या, वाढदिवसांच्या डिस्का तो माणूस पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी तरी मोठा असेल. मला अंकल जी म्हणतो. पहिल्यांदा त्यानं डिस्क उजेडात तिरकी धरली आणि विचारलं, हिला कुणी घासलंय? मी म्हणालो, घरात कुणीतरी. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग मधून बाहेर, मधून बाहेर, सरळ रेषेत पुसून दाखवलं. गोल घासली की ओरखडा अक्षरांच्या ओळीबरोबर धावतो, एकाच वाक्यावर काट मारल्यासारखा. आडवा असला तर यंत्र त्याच्यावरून उडी मारून जातं. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

त्याच्याकडून मी पुष्कळ शिकलो. आधी सुधारणा करायची नाही, आधी जशीच्या तशी नक्कल काढायची. डिस्कवरची फाईल उतरवताना बदलली, पुन्हा बदलली, फोनवर पाठवली, की प्रत्येक वेळी थोडी झिजते; ताकात पाणी घालत गेल्यासारखं. वेग कमी ठेवायचा. न वाचलेली जागा सोडून पुढे जायचं आणि मग परत येऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. त्याच्याकडे एक जुना, जाड ड्राइव्ह होता, त्याच्यावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. "नए वाले जल्दी हार मान लेते हैं," तो म्हणायचा.

चार शनिवार गेले. अर्ध्या दिवसाचं ऑफिस संपवून मी स्कूटरवरून तिकडे जायचो, स्टुलावर बसायचो, आणि पडद्यावर हिरव्या चौकोनांमध्ये उरलेले लाल चौकोन मोजायचो. मधे एकदा भाचीला कळवलं, सत्तर टक्के झालं. तिनं विचारलं, आईवालं झालं? मी म्हणालो, ते शेवटी.

चौथ्या शनिवारी पंगत मिळाली.

ती मिळाल्यावर त्यानं ती नीट केली. आधी हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसायच्या, त्या घालवल्या. हॅलोजनचा पिवळा उतरवला. चित्रावरचे दाणे थोडे कमी केले, थोडेच. मी म्हणालो, अजून कमी करा ना, स्वच्छ करा. तो म्हणाला, "अंकल जी, ज़्यादा साफ़ करोगे तो मोम की गुड़िया बन जाएगी। जो है वही आएगा। जो नहीं है, वो मैं कहाँ से लाऊँ?"

आणि खरंच, ती आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, एका कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात तुपाचं भांडं. ती वाढत पुढे सरकत होती, बायकांनी वाट अडवली, नाव घे, मगच पुढे जा. मुलगी तिचा पदर तोंडात घालून चोखत होती. बहिणीनं पदर सोडवला, मान वर केली, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला पाहिलं. तो चढलेला दात दिसला. ओठ उघडले.

आणि शहनाई वाजली. मग त्या वर्षी गाजलेलं सिनेमातलं एक गाणं सुरू झालं.

मी त्याला म्हणालो, हे गाणं काढून टाका. आजकाल गाण्यातून आवाज वेगळा करता येतो म्हणे. तो म्हणाला, येतो. त्यानं तसं करूनही पाहिलं. शहनाई गेली, ढोलक गेली, आणि गाणारी बाई तेवढी एकटी उरली. तिलाही काढल्यावर काही नाही. त्यानं आवाज पूर्ण मोठा केला. नुसती फुसफूस, तीही गाण्याचीच. म्हणाला, गाणं वर चढवलेलं नाहीये, आवाज काढून त्या जागी टाकलंय. खाली काही नाहीच. "स्टूडियो वाले ऐसा ही करते थे," तो म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून.

मी स्टुलावर बसून राहिलो. मला वाटत होतं, हे मला माहीत नव्हतं. फोनवर पक्का म्हणालो तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो, खरंच विसरलो होतो. पण विसरणं म्हणजे काही नसणं नव्हे, हे मला त्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला कळलं. ते गाणं मला पाठ होतं, कारण ते तिथे टाकायला मीच सांगितलं होतं.

मुंजीनंतर पंधरा दिवसांनी स्टुडिओवाल्यानं बोलावलं होतं. टेपवरून डिस्क करायची, कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं ते सांगायला. सहा प्रती काढायच्या होत्या. बुंदीच्या लाडवांबरोबर जवळच्यांकडे पाठवायची तेव्हा पद्धत पडली होती. एक प्रत सागरला, बहिणीच्या सासरी जाणार होती. मी पंगतीपर्यंत पाहत आलो, आणि तिचा उखाणा ऐकला.

उखाणा साधाच होता. 

पानात वाढली पुरणपोळी, तूप पडलं थोडं,
अमुकरावांचं नाव घेते, ठेवा माहेरचं दार उघडं.

बायका खूप हसल्या होत्या. हातात तुपाचं भांडं आणि तूप थोडं, म्हणून हसल्या असतील. पण मी हसलो नाही. तिच्या सासरी तेव्हा तिच्याविषयी कुरबूर चालू होती की ही माहेरी जाऊन आमची उणीदुणी काढते. तिथल्या दिवाणखान्यात हे लागलं, तूप थोडं आणि माहेरचं दार, तर काय होईल ते मला दिसलं. म्हणजे मी तिला वाचवत होतो असं मी स्वतःला सांगितलं. स्टुडिओवाल्याला म्हणालो, इथपासून इथपर्यंत गाणं टाका. त्यानं विचारलं, "ओरिजिनल आवाज़ हल्की-सी नीचे रहने दूँ, भैया?"

"नहीं," मी म्हणालो. "पूरी निकाल दीजिए."

सागरची एक प्रत वेगळी करून बाकी पाच तशाच ठेवता आल्या असत्या. तेही मला सुचलं नाही. टेप त्यानं पुढच्या लग्नाला वापरली. आता तो स्टुडिओही नाही, तिथे मोमो मिळतात.

त्या वर्षी दिवाळीनंतर बहिणीचा फोन आला होता. दादा, थोडे दिवस येऊ का तिकडे? मुलीला घेऊन. मी म्हणालो, आत्ता मुलाची सहामाही आहे, घरात रंगाचं काम काढलंय, उन्हाळ्यात ये ना निवांत. ती बरं म्हणाली. होळीनंतर तिला ताप आला. त्या घरी आधी काढा, मग कंपाउंडर, मग गावातला डॉक्टर, मग मोठा दवाखाना, अशा पायऱ्या होत्या, आणि त्या एकेक करूनच चढायच्या. आम्ही पोचलो तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती.

हे सगळं मी बायकोला सांगितलं का? नाही. घरी येऊन म्हणालो, चित्र फार सुंदर आलंय, आवाजाचं जरा बघावं लागेल. तिनं मान हलवली. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. आवाजाचं बघावं लागेल, हे वाक्य ती किती खरं मानते ते मला माहीत आहे.

भाचीला मी सांगणार होतो. फोनवर नको, समोर सांगू असं ठरवलं. मग ती पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं आलीच. स्टेशनवरून ऑटोत बसल्यापासून ती इतकी भराभर बोलत होती की मला जागा सापडली नाही. दोन दिवसांसाठी आली होती. आईची एक साडी बरोबर आणली होती, हिरवीच, तीच का ते पडताळायला.

जेवण झालं. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावली. ती खाली जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ बसली, मांडीवर साडी. मामी तिच्या मागे खुर्चीत. मी रिमोट घेऊन उभा, शाळेत नाटक बसवणाऱ्या मास्तरासारखा.

बहीण आली. भाचीनं साडीचा काठ पडद्याजवळ धरला. तोच होता. ती हसली, मग तिला कडेवर पदर चोखणारी ती स्वतः दिसली. पडद्यावर बहिणीची मान वर झाली. ओठ उघडले. शहनाई वाजली.

भाचीनं मागे वळून पाहिलं. "मामा, इथे गाणं का आहे?"

मी म्हणालो, "स्टुडिओवाले असंच करायचे तेव्हा."

हे मी बोललो. एक महिनाभर मी जो माणूस दुकानात शोधत होतो, डिस्क खराब करणारा, त्याला, म्हणजे मलाच, मी असा एका वाक्यात वाचवला. बायको माझ्याकडे बघत होती हे मला न बघता कळत होतं.

भाची रडली नाही. तिनं रिमोट मागून घेतला. मागे नेलं, पुन्हा लावलं. आवाज बंद करून लावलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की ओठ वाचता आले असते, येत असते तर. पाचसहा वेळा पाहून तिनं विचारलं, "मामी, तुम्ही होतात ना? आई काय म्हणतेय?"

बायको जरा वेळानं म्हणाली, आठवतंय. आणि तिनं उखाणा म्हटला, हळू, जसा म्हणतात तसा, शेवटी किंचित लांबवून. भाचीनं फोन काढला, पुन्हा म्हणायला लावला आणि तो भरून घेतला. मग फोनवरचा मामीचा आवाज आणि पडद्यावरचे आईचे ओठ एकत्र सुरू करायचा प्रयत्न ती करत राहिली. कधी ओठ आधी, कधी आवाज. एकदा अगदी बरोबर जुळलं. हिरव्या लुगड्यातल्या माझ्या बहिणीच्या तोंडून माझ्या बायकोचा आवाज आला, ठेवा माहेरचं दार उघडं. भाचीनं तिथेच थांबवलं.

"मग होतं?" तिनं विचारलं. "उघडं होतं?"

तिला त्यात काही टोचायचं नव्हतं. गोष्टीत पुढे काय झालं असं मूल विचारतं तसं तिनं विचारलं. पण मी तोवर उभा होतो तो खाली बसलो, आणि मग सगळं सांगितलं. सागरची प्रत, तूप थोडं, इथपासून इथपर्यंत. पूरी निकाल दीजिए. दिवाळीनंतरचा फोन. रंगाचं काम कुठल्या खोलीचं होतं तेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

ऐकताना ती साडीची घडी घालत होती. घडी झाल्यावर ती उलगडून पुन्हा घातली. मग विचारलं, "गाना आपने डलवाया?"

मी हो म्हणालो.

"और टेप?"

मी सांगितलं. तिनं पडद्याकडे पाहिलं. आई तोंड उघडून थांबलेली होती.

मला वाटतं मी त्या वेळी आणखीही काही बोललो. चांगल्यासाठीच केलं, तेव्हा दिवस तसे होते, असलं काहीबाही. दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट होतं, पण संध्याकाळच्या गाडीत जागा मिळतेय का ते ती फोनवर पाहू लागली. मिळाली. मामीनं डबा भरून दिला, तो तिनं घेतला. पेन ड्राइव्ह घेतली. स्टेशनवर सोडायला मी निघालो तर म्हणाली, "ऑटो बुला लिया है, मामा।" आमच्याकडे निघताना मुली मोठ्यांच्या पाया पडत नाहीत, उलट आम्ही मामा लोक भाचीच्या पाया पडतो, ही इकडची बुंदेली रीत आमच्या घरानं केव्हाच उचलली आहे. मी वाकलो. एरवी ती लाजून पाय मागे घेते आणि हसते. त्या दिवशी ती नुसती उभी राहिली, माझं होईपर्यंत.

ऑटो गेल्यावर मी आत आलो. टीव्ही कुणी बंद केला नव्हता. पेन ड्राइव्ह काढल्यावर निळा पडदा उरला होता. बायको अजून त्याच खुर्चीत होती. मला बोलल्याशिवाय राहवेना. म्हणालो, बघितलंस ना, कसं स्पष्ट दिसतं आता. पूर्वी धुरात कळत नव्हतं. उखाणा घेताना ती सरळ माझ्याकडे बघतेय. मी कॅमेऱ्याच्या शेजारीच उभा होतो. माझ्याकडे बघून तिनं मागितलं, आणि मी काय केलं.

बायकोनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. रिमोट उचलून तिनं टीव्ही बंद केला.

"तुम्ही तिथे नव्हतात," ती म्हणाली. "तुम्ही आत आचाऱ्याशी जिलबीवरून हुज्जत घालत होतात. उखाणा तुम्ही पहिल्यांदा ऐकलात तो स्टुडिओत. कॅमेऱ्याच्या शेजारी मी उभी होते. ती माझ्याकडे बघत होती. आदल्या रात्री सासरचं सगळं सांगितलं होतं तिनं मला. आणि उखाणा झाल्यावर मी हसले."